छातीत दुखतंय: लशीनंतरची सूज की हार्ट अटॅक?

रंकाळ्यावर सकाळच्या फेऱ्या चालू असोत की गंगावेशीत दुधाचा पेला हातात असो, कुणी तरणाताठा माणूस अचानक गेल्याची बातमी निघाली की पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, "कोविडच्या लशीनंच झालं ते." हे बोलताना आपण दोन वेगळे आजार एकात कालवतो. त्या गोंधळात ज्याला खरंच धोका आहे त्याची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची राहून जाते. माझी सगळी काळजी तिथं आहे.

पहिला आजार मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच सूज. दुसरा हार्ट अटॅक, म्हणजे त्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी गुठळीनं बंद पडणं. उसाला पाणी पाजणाऱ्याला फरक लगेच कळेल: मोटर तापणं वेगळं, पाइप तुंबणं वेगळं. पाणी दोन्ही वेळा कमीच येतं, दुरुस्ती मात्र एक नाही.

लशीशी खरोखर जोडला गेला तो पहिला आजार. २०२१ मध्ये आधी इस्राएलमधून आणि मग अमेरिकेतून नोंदी आल्या. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशींनंतर, मुख्यतः किशोरवयीन आणि तरुण मुलांमध्ये, बहुतेकदा दुसऱ्या डोसनंतर, आठवडाभराच्या आत छातीत दुखू लागलं. प्रमाण फार थोडं होतं आणि बहुतेक जण बरे झाले. कोविडची लागण झाल्यावर ही सूज येण्याचा धोका एकूणात लशीपेक्षा जास्त होता. आपल्याकडं जवळजवळ सगळ्यांनी घेतली ती कोविशिल्ड, नाहीतर कोव्हॅक्सिन. या दोन्ही एमआरएनए लशी नाहीत.

म्हणून कोविशिल्डला काहीच दुष्परिणाम नाही, असं मी म्हणणार नाही. तिच्यानंतर फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घटायच्या. त्याला टीटीएस म्हणतात. कोविशिल्ड मुळात जिची लस, त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनं ब्रिटनच्या न्यायालयात ते मान्य केल्याची बातमी २०२४ मध्ये आली, मोबाइलवर फिरली, आणि डोस घेऊन तीन वर्षं झालेल्या माणसांनी धसका घेतला. पण टीटीएसचा धोका डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला. त्याची लक्षणंही निराळी: न थांबणारी डोकेदुखी, पोटात जोराची कळ, पायाला सूज, धाप.

हार्ट अटॅकची तयारी वर्षानुवर्षं चाललेली असते. तंबाखू, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, घराण्यातला इतिहास. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, देशभरातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीनं १८ ते ४५ वयाच्या, वरवर धडधाकट माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीमुळं धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कोविडमुळं दवाखान्यात भरती व्हावं लागलेलं असणं, घरात कुणी असंच अचानक गेलेलं असणं, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू, नशा किंवा अंगाला न झेपणारे श्रम.

आता दुखणं कसं ओळखायचं. समजा, एक काका म्हणतात, "लस घेतल्यापासनं छातीत भरून येतंय बघा." कधी येतं असं नीट विचारलं, की कळतं: जोतिबाच्या पायऱ्या चढताना, जेवून लगेच चाललं की. थांबलं की उतरतं. वय साठीकडं, तंबाखूची पुडी खिशात. हे लशीचं दुखणं नव्हे, अरुंद झालेल्या नळीचं आहे, आणि लशीच्या नावावर ते महिनोन् महिने अंगावर काढलं जातं. अटॅकमध्ये हाच दाब बसल्या जागी येतो, थांबत नाही, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जातो, दरदरून घाम फुटतो. बायकांना आणि साखरेच्या रुग्णांना नुसती धाप किंवा मळमळही पुरते, आणि घरचे "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजतात.

सुजेचं दुखणं बऱ्याचदा टोचरं असतं. हृदयाच्या आवरणालाही सूज असली तर उताणं झोपलं की वाढतं, पुढं वाकून बसलं की हलकं होतं. सोबत ताप, धडधड, थकवा.

पण या खुणांवर विसंबून घरी निदान करू नका. पट्टीवरची रेघ दोन्हीत वर उचललेली दिसू शकते, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं ट्रोपोनिन दोन्हीत वाढतं, आणि खात्रीसाठी कधी अँजिओग्राफी, कधी हृदयाचा एमआरआय लागतो. दुखणं दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, घाम आला, तर १०८ ला फोन करा. मोटारसायकलवर मागं बसून जाऊ नका. नळी बंद असेल तर प्रत्येक मिनिटाला स्नायू मरतो. डॉक्टरांना कोणती लस, कोणत्या तारखेला, हेही सांगा. कोविनच्या प्रमाणपत्रावर दोन्ही छापलेलं असतं.

सूज निघाली तर उपचाराचा मोठा भाग विश्रांतीच असतो. पेठेतल्या फुटबॉलवाल्यांना आणि तालमीतल्या पोरांना हे पटवणं अवघड, कारण दुखणं आठवड्यात थांबतं आणि शाहू स्टेडियमवर सामना लागलेला असतो. तरीही साधारण ३ ते ६ महिने जोर-बैठका आणि सामने बंद ठेवायला सांगतात, कारण सुजलेल्या हृदयावर ताण पडला तर ठोके बिघडून माणूस मैदानातच कोसळू शकतो. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), पट्टी आणि गरज पडल्यास चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर नीट आल्यावरच डॉक्टर पुन्हा मैदानात उतरू देतात.