रोबोटिक पुनर्वसन

पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, मेंदूला लागलेला मार किंवा सेरेब्रल पाल्सी यांमुळे हातापायांच्या हालचालींवरील ताबा गेलेल्या रुग्णांना मोटर, सेन्सर आणि संगणक असलेल्या यंत्रांच्या साहाय्याने व्यायाम देण्याची उपचारपद्धती.

इजेनंतर मेंदूचा शाबूत भाग गेलेली कामे काही प्रमाणात नव्याने शिकतो. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते आणि इथेच माणसाचे बळ अपुरे पडते. पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर उभ्या केलेल्या रुग्णाचे पाय हातांनी पुढे टाकायला दोन-तीन फिजिओथेरपिस्ट लागतात आणि थोड्याच वेळात त्यांची स्वतःची कंबर धरते. यंत्र थकत नाही. शिवाय हालचालीचा वेग, कोन आणि जोर यांची नोंदही ठेवते.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी विकसित केलेले ‘एमआयटी-मॅनस’ हे हातासाठीचे सुरुवातीचे प्रसिद्ध यंत्र. त्यात रुग्ण फक्त यंत्राची मूठ धरतो आणि पडद्यावरील लक्ष्याकडे हात नेतो. स्वित्झर्लंडमधील ‘लोकोमॅट’ची रचना वेगळी: मांड्या-पोटऱ्यांना बाहेरून बांधलेला यांत्रिक सांगाडा खुब्याचे आणि गुडघ्याचे सांधे थेट हलवतो. अंगावर चढवून जमिनीवर चालता येईल असे सांगाडेही आता वापरात आहेत.

या उपचाराची खरी मेख मदतीच्या मापात आहे. यंत्रानेच सगळे केले तर रुग्ण अंग सैल सोडतो आणि व्यायाम नावापुरता उरतो. म्हणून नियंत्रणप्रणाली आधी रुग्णाचा प्रयत्न जोखते, कमी पडेल तेवढाच हातभार लावते आणि प्रगती दिसली की तोही आखडता घेते.

परिणामांबाबत मात्र उत्साह आवरता घ्यावा लागतो. ब्रिटनमधील ‘रॅटल्स’ या ७७० पक्षाघातग्रस्तांवरील चाचणीत (२०१९) रोबोटिक प्रशिक्षणाने हाताच्या कार्यक्षमतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा आढळली नाही. चालण्याबाबतचे पुरावे जास्त आश्वासक आहेत: फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिल्यास आधाराविना चालू लागण्याची शक्यता वाढते, विशेषतः पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आणि अजिबात चालता न येणाऱ्यांमध्ये.

सांगाड्याचा सांधा रुग्णाच्या सांध्याशी नीट जुळला नाही, तर कातडी सोलवटते आणि सांध्यावर ताण येतो. न जुळलेले अस्थिभंग, फार ठिसूळ हाडे किंवा पट्ट्यांखाली येणाऱ्या जखमा असल्यास हा उपचार टाळतात.