कार्निव्हल म्हणजे शिगमो नव्हे

२०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याचा मावसभाऊ बायको-मुलांसकट आमच्याकडे डिचोलीला उतरला, तेव्हा त्याच्या गाडीच्या डिकीत गुलालाच्या चार पिशव्या आणि दोन पिचकाऱ्या होत्या. "अरे दादा, हे कशाला?" मी विचारलं. "कशाला म्हणजे? शिमगा ना तुमचा?" पणजीच्या ज्या हॉटेलात त्यानं दोन रात्रींची खोली घेतली होती, तिथल्या माणसानं फोनवर छातीठोक सांगितलं होतं, की कार्निव्हल म्हणजेच गोव्याचा शिमगा, म्हणजे शिगमो, दोन्ही एकच. होळीला अजून सहा आठवडे होते. पिचकाऱ्या आमच्या माळ्यावर गेल्या.

हॉटेलवाल्याला नुसता दोष देऊन चालणार नाही. पाहुण्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. उन्हाळा तोंडावर आलेला, तीच शहरं, तेच बंद केलेले रस्ते, तेच पर्यटन खातं, रस्त्याच्या कडेला तेच बांबूचे कठडे आणि मधून सरकणारे चित्ररथ. स्पर्धा, बक्षिसं, मंचावर पाहुणे, कर्णकर्कश स्पीकर. फोटो काढून वर्षभरानं बघितले तर कुठला कशाचा हे सांगायला कपडे नीट पाहावे लागतील. मुळात मात्र दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एक उपासाच्या आदल्या दिवसांचा सण, दुसरा शेतकऱ्याच्या आणि शिपाईगड्याच्या घरचा.

कार्निव्हलला इथली जुनी माणसं 'इंत्रुज' म्हणतात. पोर्तुगीज 'एंत्रुदु'चं हे कोंकणी रूप. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो, तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या बुधवारच्या आधीचे शनिवार ते मंगळवार हे चार दिवस म्हणजे कार्निव्हल. मांस-मच्छी, दारू, नाचगाणं यांना पुढे आळा बसायचा, म्हणून आधी मनसोक्त करून घ्यायचं. आपल्याकडे श्रावण लागायच्या आदल्या दिवशी कोंबडीच्या दुकानापुढे जी रांग लागते, तिच्यामागचं गणित हेच. म्हणजे चर्चचा सण तो पुढचा उपास. आधीची धमाल लोकांची.

आज दिसणारी चित्ररथांची मिरवणूक मात्र पोर्तुगीज राजवटीतली नाही, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. ती गोवा मुक्त झाल्यावर १९६५ मध्ये पणजीत सुरू झाली. त्याआधी इंत्रुज म्हणजे गल्लीत एकमेकांवर पीठ, अंडी, रंगीत पाणी फेकणं, मुखवटे लावून शेजाऱ्याच्या घरात घुसणं. म्हणजे फेकाफेकी दोन्हीकडे होती, फक्त इथे पीठ आणि तिथे गुलाल. मिरवणुकीच्या पुढे रथात मुकुट घालून बसतो तो किंग मोमो. खातं दरवर्षी नवा मोमो निवडतं आणि तो फर्मान वाचतो: खा, प्या, मजा करा. सहसा शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा असा मोमोचा दौरा असतो. अलीकडे त्यात आणखी गावं जोडली आहेत. शेवटच्या रात्री पणजीच्या क्लब नॅशनलमध्ये लाल-काळ्या कपड्यांतला नाच होतो आणि बुधवारी सकाळी तीच माणसं कपाळावर राख लावून घ्यायला चर्चमध्ये उभी असतात.

माझं खरं मत सांगतो. पणजीची मिरवणूक एकदा बघावी, दुसऱ्यांदा बघायची गरज नाही. निम्मे रथ जाहिरातींचे असतात. इंत्रुज बघायचा असेल तर मडगावच्या बाजूच्या सासष्टी तालुक्यातल्या गावांत जावं. तिथे या दिवसांत 'खेळ' होतात. पथकं एका गावच्या आवारात तासाभराचा नाट्यप्रयोग करतात, गाशा गुंडाळतात आणि पुढच्या गावी जातात. ट्रम्पेट, ढोल, बायकांची सोंगं घेतलेले बाप्ये, गावच्या पंचायतीपासून सरकारपर्यंत सगळ्यांची टर. आज वर्षभर थिएटरात चालणारं 'खेळ तियात्र' हे कोंकणी नाटक याच रस्त्यावरच्या खेळांतून आलं. भाषा कोंकणी, तीही सासष्टीची, त्यामुळे आमच्यासारख्या डिचोलीकरालाही अर्धे विनोद उशिरा कळतात. तरी हसू येतं, कारण शेजारी बसलेली आजी हसत हसत खुर्चीवरून घसरायला आलेली असते.

आणि चांदर. कधीकाळी चंद्रपूर म्हणून राजधानी असलेलं हे गाव. तिथे इंत्रुजाच्या रात्री कॅथलिक गावकरी हातात मुसळं घेऊन नाचतात. मुसळ जमिनीवर आपटून ठेका धरायचा आणि जुन्या लढाईतल्या विजयाची गाणी म्हणायची. चर्चला जाणारी माणसं, कार्निव्हलचे दिवस, हातात मुसळ आणि गाण्यात हिंदू राजांच्या काळातली लढाई. दोन सणांमध्ये मी वर जी जाड रेघ ओढली, ती या गावात पुसट होते. होऊ दे.

आता शिगमो. महाराष्ट्रात शिमगा, इथे शिगमो, म आणि ग यांनी जागा बदलल्या एवढंच. संस्कृत 'सुग्रीष्मक', त्यावरून प्राकृत 'सुगिम्हअ', आणि तिथून दोन्ही रूपं आली असं भाषेचे जाणकार सांगतात. पण नावापुरतं साम्य बघून कोणी रत्नागिरीची पालखी किंवा पुण्याची रंगपंचमी शोधायला येऊ नये. तिकडे शिमगा म्हटलं की आधी बोंब आठवते. इथे आधी आठवतो मांड.

मांड म्हणजे गावातली ठरलेली पवित्र जागा. देवळासमोर असेल, एखाद्या झाडाखाली असेल, कधी नुसतं सारवलेलं अंगण. शिगम्याची सुरुवात तिथे नमनानं होते. नारळ ठेवतात, गावच्या सगळ्या देवांची नावं घेतात, सीमेवरच्या राखणदाराचंही. चपला लांब काढलेल्या असतात आणि दारू प्यायलेला माणूस मांडावर पाय ठेवत नाही. मोमोच्या फर्मानाच्या अगदी उलटं म्हणा ना. नमन झालं की पुढच्या रात्री जती, गाणी, घरोघरी फिरणारे मेळ. गावागणिक क्रम वेगळा आणि आपलाच क्रम खरा, यावर प्रत्येक गाव ठाम.

शिगमोही एक नाही. तिसवाडी, बार्देस, सासष्टी हा पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतलेला जुन्या काबिजादीचा भाग, तिथे पौर्णिमेच्या आधी येतो तो धाकटा शिगमो. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण या नव्या काबिजादीत पौर्णिमेपासून पुढे चालतो तो व्हडलो शिगमो. हे तालुके अठराव्या शतकात पोर्तुगिजांच्या हाती गेले. तोवर धर्मांतराची आणि देवळं पाडण्याची लाट ओसरली होती, म्हणून गावची दैवतं, मांड आणि विधी इकडे शाबूत राहिले. जुन्या भागातले कितीतरी देव तर आधीच पळून याच बाजूला आले होते. किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहून शिगमो 'दिसला नाही' म्हणणाऱ्यांनी हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा.

आमच्या डिचोलीकडची घोडेमोडणी जवळून बघण्यासारखी आहे. नाचणाऱ्याच्या कमरेला घोड्याचा पुढचा भाग बांधतात, लाकडाचं रंगवलेलं तोंड आणि खाली कापडाचा झोळ. डोक्यावर फेटा, त्यावर फुलं, पायात घुंगरू, डाव्या हातात लगाम, उजव्या हातात नागवी तलवार. ढोल-ताशाचा ठेका चढतो तसे घोडे पुढे येतात, मागे सरतात, गोल फिरतात. सीमेवर जाऊन जिंकून परतलेल्या शिपायांचा हा नाच आहे. लहानपणी मी तलवार खरी की खोटी यावर पैज लावली होती. खरी निघाली.

रोमट म्हणजे ढोल, ताशे, कांसाळी म्हणजे मोठ्या झांजा, निशाणं आणि माणसांचा लोंढा. ते 'घणचेकटर घण' कानात एकदा बसलं की रात्री उशी घेऊन पडल्यावरही वाजत राहतं. शहरातल्या शिगमो मिरवणुकीत हीच रोमटं चित्ररथांच्या पुढे असतात. कार्निव्हलपासून वेगळं ओळखायची सोपी खूण हीच: पुढे चालणारा घोळका अनवाणी, फेट्यातला आणि एका ठेक्यावर असेल तर शिगमो, ट्रकवरच्या स्पीकरवर सांबा वाजत असेल तर कार्निव्हल. रथही निराळे. शिगम्याचे रथ पुराणातले. खांब दुभंगतो, आतून नरसिंह येतो, हिरण्यकश्यपू मान हलवतो, आणि मागे जनरेटरजवळ बसलेला एक पोरगा दोऱ्या ओढत घामाघूम झालेला असतो. कारागीर महिना-महिना राबतात यावर. वेळेबद्दल मात्र तक्रार आहे. एकदा फोंड्यात संध्याकाळी सहाला एका दुकानाच्या पायरीवर जागा धरली, पहिला रथ आला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि धाकटी मांडीवर झोपली होती.

मिरवणुकीबाहेरचा शिगमो याहून कितीतरी मोठा आहे. साळला होळीनंतरच्या रात्री गडे निघतात, अंगात आलेली माणसं अंधारात रानाकडे धावतात. तिथे कोणी बॅटरी पेटवायची नाही, मोबाईलही नाही. सत्तरीत झर्म्याला चोरांच्या दंतकथेवरचा चोरोत्सव आहे. काणकोणात श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाकडे शिशारान्नी होते, तीन माणसांच्या डोक्यांची चूल करून त्यावर भात शिजवतात. ती दरवर्षी नसते, चौकशी करूनच जावं. जांबावलीला कुशावतीच्या काठी दामोदराच्या देवळात होळीनंतर काही दिवसांनी गुलाल उधळतात, अख्खं मडगाव तिथे लोटतं. मराठी माणसाला तिथे आणखी एक कारण: गुलालाच्या त्या दिवसांत हौशी मंडळी मराठी नाटकं करतात आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाहीत. भावाच्या चार पिशव्या खरं म्हणजे तिथे खपल्या असत्या.

आता तारखांचं, कारण घोटाळा खरा तिथेच होतो. दोन्ही सण चंद्रावरच चालतात. ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार. कार्निव्हल त्याच्या मागे सात आठवडे. आपला शिगमो फाल्गुन पौर्णिमेचा. आता फाल्गुन पौर्णिमा मार्चच्या सुरुवातीला किंवा मध्यावर आली, तर ईस्टरची पौर्णिमा पुढची, म्हणजे आपल्या हनुमान जयंतीची. अशा वर्षी कार्निव्हल संपल्यावर दीड-दोन आठवड्यांत होळी येते. २०२५ मध्ये कार्निव्हल १ ते ४ मार्च आणि होळी १३ मार्चला. २०२६ मध्ये कार्निव्हल १४ ते १७ फेब्रुवारी, फाल्गुन पौर्णिमा ३ मार्चला. उलट फाल्गुन पौर्णिमा २१ मार्चनंतर आली, तर तीच ईस्टरची पौर्णिमा ठरते. मग होळी आणि गुड फ्रायडे एकाच आठवड्यात येतात आणि कार्निव्हल सहा आठवडे आधी होऊन गेलेला असतो. २०२४ तसंच होतं: होळी मार्चच्या २४ ला, ईस्टर ३१ ला. २०२७ ही तसंच, कार्निव्हल ६ ते ९ फेब्रुवारी आणि पौर्णिमा २२ मार्चला. मधली सोय नाही. एक तर दीड-दोन आठवडे, नाहीतर सहा.

म्हणून तिकीट काढण्याआधी कालनिर्णयात गुड फ्रायडे बघायचा. होळीच्या आठवड्यात असला तर एका सुट्टीत दोन्ही सण बघायचा नाद सोडायचा. महिनाभर लांब असला तर दीड-दोन आठवड्यांची रजा टाकून दोन्ही गाठता येतात, पण हॉटेलचे दर कार्निव्हलच्या चार दिवसांत चढलेले असतात, तेवढे दिवस आतल्या तालुक्यात काढावेत. शहरांतल्या शिगमो मिरवणुका होळीनंतर पंधरवडाभर गावागावांत फिरतात, कुठली कधी हे दर वर्षी नव्यानं जाहीर होतं. खाण्यापिण्याचं फार सांगत नाही, फक्त एवढंच, की काजूचा हंगाम शिगम्याच्या सुमारास भरात येतो, त्यामुळे ताजा हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, कार्निव्हलच्या पाहुण्याला सहसा मिळत नाही. हा, मांडावर जायच्या रात्री नको.

२०२५ च्या मार्चमध्ये मावसभाऊ परत आला. या वेळी हॉटेल नाही, आमच्याकडेच. रात्री दहाच्या सुमारास त्याला वाड्यावरच्या मांडाकडे नेलं. ढोल अजून वाजत नव्हते. माडाच्या सुक्या झावळ्यांचा जाळ केला होता आणि पोरं ढोलांची चामडी त्यावर फिरवून तापवत होती, मधूनच बोटांनी टिचकी मारून कान लावत होती. "सुरू कधी होणार?" भावानं हळूच विचारलं. माझ्या चुलत्यांनी ऐकलं. "चामडं सांगतं तेव्हा," ते म्हणाले आणि त्याला चपला मागे ठेवून यायची खूण केली.