फायटिंग गेम नव्याने शिकताना : सराव कशाचा आणि कोणत्या क्रमाने करावा

हे माहितीपत्रक आमच्या गेमिंग केंद्रात स्पर्धात्मक फायटिंग गेम शिकायला येणाऱ्या नव्या ग्राहकांसाठी तयार केले आहे. मुलाने हट्ट धरला म्हणून महागडी आर्केड स्टिक (पार्लरच्या यंत्रासारखा दांडा आणि मोठी बटणे असलेला कंट्रोलर) घ्यावी का, असे विचारायला येणाऱ्या पालकांनीही ते वाचावे. उदाहरणे ‘स्ट्रीट फायटर ६’ मधली घेतली आहेत, कारण जून २०२३ मध्ये आलेल्या या गेममध्ये नवशिक्यांसाठी सरावाची साधने भरपूर आहेत आणि आमच्याकडेही तोच अधिक खेळला जातो. ‘टेकन ८’ खेळणाऱ्यांना तपशील वेगळे वाटतील, पण सरावाचा क्रम तोच ठेवता येईल.

कॉम्बो सर्वांत शेवटी

नवा खेळाडू बहुधा मोबाईलवर लांबलचक कॉम्बोचे, म्हणजे सलग लागणाऱ्या फटक्यांच्या मालिकेचे, व्हिडिओ पाहून येतो आणि पहिल्याच दिवशी तो कॉम्बो पाठ करायला बसतो. आमचा सल्ला नेमका उलट आहे. कॉम्बो सुरू होतो तो पहिला फटका लागल्यावर. आणि तो फटका लागावा कसा, हे ठाऊक नसेल तर पाठ केलेल्या पुढच्या दहा फटक्यांचा उपयोग होत नाही. ट्रेनिंग मोडमध्ये, म्हणजे गेममधील सरावाच्या विभागात, डमीवर (सरावासाठी समोर ठेवलेल्या पात्रावर) अवघड कॉम्बो सफाईने काढणारा खेळाडू, केवळ उडी मारून लाथ घालणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे सलग हरताना आम्ही नेहमी पाहतो. म्हणून आधी ब्लॉक (हल्ला अडवणे), मग उडीला उत्तर, त्यानंतर चुकलेल्या हल्ल्याची शिक्षा, म्हणजे ज्याला खेळाडू ‘पनिश’ म्हणतात ती, आणि हे सारे जमू लागल्यावर दोन-तीन फटक्यांचा एक साधा कॉम्बो, असा क्रम ठेवावा.

पात्र एकच निवडावे. सुरुवातीला र्‍यू घेतल्यास उत्तम, कारण त्याच्याकडे दुरून मारायचा हादोकेन, उडीला उत्तर देणारा शोर्‍युकेन आणि जवळचे भक्कम फटके हे सगळे आहे. त्याच्यावर शिकलेले पुढे दुसऱ्या पात्रावरही कामी येते.

उडीला उत्तर

खालच्या श्रेणीतील बहुतेक सामने उडीवर हरले जातात, त्यामुळे या भागाला आम्ही सर्वाधिक वेळ द्यायला सांगतो. ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये एकदा उडी घेतली की बहुतेक पात्रांना मार्ग बदलता येत नाही आणि हवेत ब्लॉकही करता येत नाही. म्हणजे उडी घेणारा अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ, कुठे उतरणार हे जाहीर करून, हवेत असतो. खाली बसून जोराचा ठोसा मारला तरी र्‍यूकडून त्याला उत्तर मिळते. नवशिक्याचे तरीही चुकते, कारण त्याचे लक्ष स्वतःच्या पात्रावर आणि स्वतःच्या पुढच्या बेतावर असते. नजर प्रतिस्पर्ध्यावर ठेवण्याची सवय लागली की निम्मे काम झाले.

याचा सराव असा करावा. ट्रेनिंग मोडमध्ये डमीच्या तीन हालचाली वेगवेगळ्या रेकॉर्ड कराव्यात : एक पुढे उडी मारून लाथ, एक हादोकेन आणि एक नुसते उभे राहणे. मग त्या कोणत्याही क्रमाने चालू राहतील असे ठरवून, उडी दिसली तरच ठोसा मारायचा आणि हादोकेन आला तर ब्लॉक करायचा. केवळ उडीच रेकॉर्ड केली तर हाताला ठेका सापडतो आणि डोळ्यांना काही करावेच लागत नाही. असा सराव प्रत्यक्ष सामन्यात टिकत नाही.

येथे एक चूक हमखास दिसते. खेळाडू पुढे चालत असताना हादोकेन मारायला जातो आणि शोर्‍युकेन बाहेर पडतो. कंट्रोलर बिघडल्याची तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. शोर्‍युकेनसाठी पुढे, खाली, तिरके खाली-पुढे आणि ठोसा असा क्रम लागतो. हादोकेनसाठी खाली, तिरके, पुढे आणि ठोसा. पुढे चालता चालता हादोकेन काढला की आधीचे ‘पुढे’ त्यात जोडले जाते आणि गेमला शोर्‍युकेनचा क्रम पुरा झालेला दिसतो. चालणे क्षणभर थांबवून मग क्रम सुरू करावा. ट्रेनिंग मोडमध्ये पडद्यावर दाबलेल्या दिशांची नोंद दिसते; ती चालू ठेवली की नेमके काय दाबले गेले ते कळते.

फ्रेमचा हिशेब

गेम एका सेकंदात ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे, दाखवतो आणि प्रत्येक फटक्याचा वेग याच मापात मोजला जातो. बहुतेक पात्रांचा सर्वांत जलद ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो. डोळ्यांनी पाहून बटण दाबायला माणसाला साधारण १२ ते १५ फ्रेम लागतात, म्हणजे असा ठोसा पाहून अडवणे कोणालाच शक्य नाही. तो आधीपासून ब्लॉक धरूनच अडवावा लागतो. याउलट ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’, म्हणजे समोरचा फटका सोसूनही पुढे येणारा जोरदार हल्ला, लागायला २६ फ्रेम घेतो. तो पाहून स्वतःचा ड्राइव्ह इम्पॅक्ट देता येतो, मात्र तो येऊ शकतो हे मनात असले पाहिजे.

२००४ च्या इव्हो या मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३’ मध्ये झालेल्या दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांच्या सामन्याचा व्हिडिओ अनेक ग्राहक आम्हाला दाखवतात. त्यात उमेहारा यांनी वाँग यांच्या चुन-ली या पात्राच्या सुपर (सर्वांत ताकदीच्या) हल्ल्यातील सगळ्या लाथा एकामागून एक परतवल्या. त्या सुपरचे पहिले उत्तर पाहून देता येत नाही. तो येणार हे ताडून आधीच द्यावे लागते. म्हणून तो प्रसंग जलद हातांपेक्षा अचूक अंदाजाचा आहे. (त्या गेमची ती स्पर्धा उमेहारा यांनी जिंकली नव्हती, हे फारसे कोणी सांगत नाही.)

पनिश शिकायलाही हाच हिशेब उपयोगी पडतो. समोरच्याचा शोर्‍युकेन ब्लॉक झाला की तो खाली येऊन सावरेपर्यंत भरपूर वेळ असतो आणि तेव्हा आपला सर्वांत जोरदार फटका लागतो. फ्रेमचे तक्ते पाठ करू नयेत. ज्या हल्ल्याने आपण वारंवार हरतो, तेवढाच ट्रेनिंग मोडमधील फ्रेम मीटरवर (फ्रेम मोजून दाखवणाऱ्या पट्टीवर) पाहून घ्यावा.

कंट्रोलर आणि जोडणी

सुरुवातीला कन्सोलसोबत आलेला पॅड पुरेसा आहे. आर्केड स्टिक आम्ही विकतो, तरीही पहिल्या काही महिन्यांत ती घेऊ नये असेच सांगतो, कारण नव्या साधनाची सवय होईपर्यंत खेळ मागे जातो. ‘मॉडर्न’ नियंत्रणे वापरण्यात कमीपणा नाही. त्यात एका बटणाने विशेष हल्ला निघतो. मात्र तसे केल्यास त्या हल्ल्याने प्रतिस्पर्ध्याचे होणारे नुकसान २० टक्के कमी होते आणि काही साधे फटके मिळत नाहीत. घरी टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करावा, आणि ऑनलाइन खेळताना वाय-फायऐवजी केबल जोडावी.

हरलेले सामने

प्रत्येक बैठकीत एकच गोष्ट सुधारायची ठरवावी, उदाहरणार्थ उडीला उत्तर, आणि त्या दिवशी जिंकलो की हरलो याऐवजी किती उड्यांना उत्तर दिले ते मोजावे. शेवटी एक हरलेला सामना रिप्लेमध्ये, म्हणजे गेमने नोंदवून ठेवलेल्या चित्रणात, पाहावा. ‘टेकन ८’ मध्ये रिप्ले चालू असतानाच सूत्रे हाती घेऊन तो प्रसंग पुन्हा खेळून पाहता येतो. ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये श्रेणी प्रत्येक पात्राची वेगळी असल्यामुळे नवे पात्र वापरून पाहिल्याने जुन्या पात्राची श्रेणी घसरत नाही.

लहानपणी पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ खेळलेले पालक मुलांसोबत येतात. त्यांची नजर तयार असते, पण उड्यांची जुनी सवय येथे महागात पडते. त्यांनीही वरचा डमीचा सराव करावा. ट्रेनिंग मोडसाठी आमच्याकडे वेगळी जागा ठेवलेली आहे आणि ती काउंटरवर आधी सांगून राखून ठेवता येते. रेकॉर्डिंग कसे लावायचे ते समजले नाही, तर आमचा माणूस ते लावून देईल.