चाकोरीबाहेरचा पोलीस (दूरचित्रवाणी मालिका)

पोलीस मालिकांमधला एक नायकप्रकार. हा अधिकारी बहुधा साध्या वेशात वावरतो, साहेबांना न विचारता तपासाला निघतो, खबऱ्यांच्या टपरीवर बसतो आणि कागदपत्रं मागाहून पुरी करतो. प्रेक्षकांचा तो लाडका असतो. तरीही त्याच्यावरच्या कितीतरी मालिका एखाद्या वर्षात आटोपतात.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. वेषांतर करून गुन्हेगार पकडणारे डेव्हिड टोमा हे न्यू जर्सीतल्या न्यूआर्क शहराचे खरेखुरे पोलीस अधिकारी. त्यांच्यावरची ‘टोमा’ ही मालिका एबीसी वाहिनीवर १९७३-७४ मध्ये एकच हंगाम चालली. मुख्य भूमिकेतल्या टोनी म्युसान्टे यांना एका हंगामापलीकडे काम करायचं नव्हतं. ते गेले आणि मालिका संपली. तोच साचा बदलून रॉबर्ट ब्लेक यांना घेऊन केलेली ‘बरेटा’ १९७५ ते १९७८ चालली. म्हणजे लोकांना नायक नकोसा झाला नव्हता. सगळा डोलारा एका नटाच्या खांद्यावर उभा होता, हे त्यामागचं कारण.

इकडे पुण्यात तेव्हा टीव्ही नुकताच येत होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे १९७३ पासून ते पुण्यात दिसू लागलं. पुणेकरांच्या घरातला पोलीस त्यामुळे मुंबईहूनच आला. पुढे दूरदर्शनने प्रायोजित मालिका सुरू केल्या, तेव्हा त्यांना बहुधा १३ भाग मिळत. आठवड्याला एक भाग धरला तर तीन महिन्यांत खेळ खलास. अशा मालिकेला अपयशी म्हणणं अन्यायाचं आहे, कारण तिला आयुष्यच तेवढं नेमून दिलेलं असे.

पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून नाव घेतलेली ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका जुन्या प्रेक्षकांच्या आजही लक्षात आहे. ती मालिका करणारे बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या जुन्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या आवारात, छायाचित्रण शिकलेले. तिच्यात काम केलेल्या शिवाजी साटम यांना घेऊन त्यांनी जानेवारी १९९८ मध्ये ‘सीआयडी’ आणली आणि ती २०१८ पर्यंत सलग चालली. ती टिकली, कारण तिच्या केंद्रस्थानी एकांडा शिलेदार नव्हता, अख्खं पथक होतं.

मराठी मालिकेत या नायकाची खरी कसोटी मात्र पंचनाम्याला लागते, आणि पटकथेत तीच जागा बहुतेक वेळा रिकामी राहते. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. त्यामुळे पडद्यावर कोठडीत मारहाण करून वदवून घेतलेलं ‘होय, मीच केलं’ कोर्टात कवडीमोल असतं.

यातून एक वाट निघते आणि नाट्य तिथेच आहे. समजा, पुण्याच्या फरासखाना पोलीस ठाण्यातल्या कोठडीत आरोपी म्हणाला, “त्याला मारलेला कोयता भिडे पुलाखाली टाकलाय, दाखवतो.” हे निवेदन दोन पंचांसमोर लिहून घ्यायचं, त्यांना सोबत घेऊन मुठेच्या पात्रात उतरायचं, कोयता सापडला की जागेवरच मोहोरबंद करायचा. यातला ‘कोयता पुलाखाली टाकलाय, दाखवतो’ एवढाच भाग पुराव्यात येतो. ‘त्याला मारलेला’ हे शब्द गळतात. दोन वर्षांनी साक्षीला उभा राहिलेला पंच “मी फक्त सही केली” म्हणाला, म्हणजे फितूर झाला, तर जप्ती सिद्ध करण्याचा भार तपास अधिकाऱ्याच्याच जबाबावर येतो. रात्री एकटाच नदीत उतरून कोयता घेऊन आलेल्या नायकाला बचावाचे वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारतील : तुमच्याबरोबर कोण होतं?