उटणं कुठवर पोहोचतं?

दिवाळीआधी दादरच्या आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो: "यानं रंग उजळेल ना?" नाही उजळणार. उटणं आम्हीच विकतो, तरी खरं तेच सांगतो.

बाहेरची त्वचा पापणीवर कागदाहून पातळ, तर तळपायावर सुमारे दीड मिलिमीटर जाड असते. तिच्या तळाच्या थरात सतत नव्या पेशी जन्मतात. त्या हळूहळू वर सरकतात, केराटिन या कडक प्रथिनानं भरतात, चपट्या होतात आणि वर येईपर्यंत मरतात. या प्रवासाला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. गणपती बसले त्या दिवशी जन्मलेली पेशी दसऱ्याच्या सुमारास मोरीतून वाहून गेलेली असते! उटणं निघताना सोबत नेतं त्या या मेलेल्या पेशी, थोडं तेल आणि मळ. बस्स, एवढंच.

रंग देणाऱ्या पेशी मात्र तळाच्या थरात बसलेल्या असतात. त्या मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण शेजारच्या पेशींना वाटतात आणि ते कण पेशीकेंद्रावर छत्रीसारखे राहून ऊन अडवतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात. उन्हात छत्री धुऊन टाकायची कशाला?

बाहेरच्या त्वचेत जंतूंवर नजर ठेवणाऱ्या पहारेकरी पेशीही असतात. 1868 साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्यानं त्या शोधल्या, पण त्याला त्या मज्जासंस्थेच्या पेशी वाटल्या होत्या.

रक्तवाहिन्या बाहेरच्या त्वचेत नसतात. त्या तिच्याखालच्या आतल्या त्वचेत, कोलॅजन या प्रथिनाच्या जाळ्यात असतात. घामाच्या ग्रंथीही तिथंच. त्यांच्या नळ्या वर तुंबल्या की घामोळं येतं. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात हे नवीन नाही. घामोळ्यावर उटणं घासू नका, आग वाढेल. पावसाळ्यातल्या चिखल्यांवरही नको. ती बुरशी आहे, डॉक्टरांना दाखवा.

वजरी फक्त टाचेला. तळहात-तळपायाला एक थर जास्तीचा असतो, इतरत्र तो नाही.

पहिल्यांदा वापरताना चिमूटभर उटणं पाण्यात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावा, धुवा आणि एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर पुडा परत आणा. फोडलेला असला तरी चालेल.