मूलचोरीची अफवा

मूलचोरीची अफवा : मुले पळवणारी टोळी परिसरात शिरल्याची निराधार वार्ता व तिच्यापायी अनोळखी माणसांवर होणारे जमावाचे हल्ले.

अफवेचा उगम निश्चित सांगता येत नाही. पॅरिसमध्ये 1750 साली पोलीस रस्त्यावरील मुलांना धरून नेऊ लागले तेव्हा दंगली उसळल्या. राजा पंधरावा लुई मुलांच्या रक्ताने स्नान करतो, अशी वदंता पसरली होती. पुलाच्या पायात मुले बळी देतात ही हिंदुस्थानातील समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नोंदींत आढळते. या साऱ्यांना एकाच फिरत्या कथेची रूपे मानण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे. मात्र पॅरिसमधील भीतीला पोलिसांच्या धरपकडीचा प्रत्यक्ष आधार होता, हे ध्यानात घेता जेथे शासनावरचा विश्वास आधीच उडालेला असतो तेथे अशी अफवा स्वतंत्रपणे उपजत असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या रूपाचा माग तुलनेने नेमका लागतो. झारखंडमध्ये मे 2017 मध्ये अशा अफवेतून सात जण मारले गेले. पुढील वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितीत मोटारसायकलवरील दोघे खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ फीत कराचीतील एका बालसुरक्षा संस्थेच्या जनजागृती मोहिमेची होती. तीत तेच दोघे परत येऊन मुलाला सोडतात व पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. हा शेवटचा भाग कापला गेला. तो कोणी कापला हे उजेडात आलेले नाही.

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे 1 जुलै 2018 रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून ठार मारले. बहुतेक जण मंगळवेढे तालुक्यातून भिक्षेसाठी आले होते. त्यांपैकी एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त पुरले असे सांगतात. परक्या गावी जाणे हीच ज्यांची उपजीविका, त्या भटक्या जमातींना अशा अफवेची झळ सर्वांत आधी लागते. त्यांचा संचाराचा घटनादत्त हक्क त्या दिवशी गावच्या कार्यालयातच पायदळी तुडवला गेला. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे 16 एप्रिल 2020 रोजी अशाच अफवेतून दोन साधू व त्यांचा चालक मारले गेले. तेथे हत्येनंतर तिला धार्मिक रंग देणारा दुसरा अपप्रचार सुरू झाला आणि तो खोडून काढण्यासाठी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्यांची यादी जाहीर करावी लागली.

जमावहत्यांविरुद्धच्या तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2018 रोजी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी, जलदगती न्यायालये व भरपाई योजना यांचे आदेश दिले आणि संसदेला स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. भारतीय न्याय संहितेचे कलम 103 (2) हे 1 जुलै 2024 पासून लागू झाले. पाच वा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा इ. अथवा ‘तत्सम’ कारणावरून केलेल्या खुनाला त्यात मृत्युदंड वा जन्मठेप आहे. केवळ अफवेतून झालेली हत्या ‘तत्सम’ कारणात बसते काय, हा प्रश्न कलमाच्या शब्दांवरून सुटत नाही.