दोन अपुऱ्या वह्या आणि न लिहिलेले खून

मागच्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक काका तावातावानं लिहिते झाले. पूर्वी खेड्यापाड्यांत खूनबिन होत नसत, हे सगळं शहरांचं आणि टीव्हीचं देणं आहे, विश्वास नसेल तर जुनी दप्तरं काढून बघा! काकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण ‘दप्तरं काढून बघा’ हे वाक्य डोक्यात राहिलं. कारण दप्तरात जे लिहिलेलंच नाही ते मोजायचं कसं, याचं एक फार देखणं गणित आहे, आणि ते जिथं वापरलं गेलं तो मुलूख काकांच्या कल्पनेतल्या शांत खेड्यांचाच होता.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, जॉर्जियाच्या सीमेला लागून एजफिल्ड नावाची काउंटी आहे. 1860 मध्ये तिथं सुमारे 40 हजार माणसं राहत होती आणि त्यांतली निम्म्याहून जास्त गुलाम होती. कापसाची शेती, विरळ वस्ती, कच्चे रस्ते. 1856 मध्ये सिनेटच्या सभागृहात शिरून चार्ल्स समनर या गुलामगिरीविरोधी सदस्याला काठीनं बेशुद्ध पडेपर्यंत मारणारे खासदार प्रेस्टन ब्रुक्स याच एजफिल्डचे. समनरना पूर्ववत कामाला लागायला तीन वर्षं गेली. ब्रुक्सना मात्र दक्षिणेतल्या चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या.

आता अशा ठिकाणी वर्षाला किती खून होत असत? सरळ उत्तर देणारं दप्तरच नाही. दक्षिण कॅरोलायनात राज्यभर मृत्यूनोंदणी सुरू झाली ती 1915 मध्ये. त्याआधीचं जे सापडतं ते तुकड्यातुकड्यांनी. 1850 ते 1880 या चार जनगणनांत मृत्यूंचा वेगळा तक्ता भरला जाई: गेल्या बारा महिन्यांत घरात कोण गेलं, कोणत्या महिन्यात, कशानं. म्हणजे सगळी भिस्त घरच्यांच्या आठवणीवर. शिवाय कोर्टातली आरोपपत्रं, स्थानिक वर्तमानपत्रं आणि कोरोनरचे कागद. कोरोनर मुंबईकरांना नवा नाही, 1999 पर्यंत आपल्याकडेही ते पद होतं. संशयास्पद प्रेत सापडलं की कोरोनर आजूबाजूच्या माणसांची ज्युरी जमवायचा, साक्षी घ्यायचा आणि मृत्यूचं कारण लिहायचा. आपल्या पंचनाम्याचाच भाऊबंद म्हणा. कारण सापडलं नाही तर ‘ईश्वरी इच्छेनं’ असंही बिनदिक्कत लिहीत.

(खुन्यानं हात लावला की प्रेतातून रक्त येतं, ही युरोपातून आलेली समजूत एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतही काही ठिकाणी टिकून होती. संशयितांना प्रेताला शिवायला लावत. कुजणाऱ्या शरीरात वायू साठतात आणि त्यांच्या दाबानं नाकातोंडातून तांबूस द्रव बाहेर पडतो. त्याला खुनी शेजारी असण्याची गरज नसते, प्रेत हलवलं तरी पुरतं.)

हे सगळे स्रोत अपुरे. मग अपुऱ्या वह्या जोडून पूर्ण आकडा मिळेल? इथं मासे कामाला येतात. डेन्मार्कचे योहानेस पीटरसन यांनी 1890 च्या दशकात समुद्रातले मासे पकडून, खुणा करून परत सोडले. पुन्हा जाळं टाकल्यावर खुणेचे किती मासे येतात यावरून एकूण माशांचा अंदाज बांधता येतो. 1930 मध्ये फ्रेडरिक लिंकन यांनी हीच युक्ती रानबदकांवर चालवली.

माशांच्या जागी खून ठेवा. आकडे मी समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, एका काउंटीच्या दहा वर्षांच्या कोर्टाच्या कागदांत 18 खून सापडले आणि वर्तमानपत्रांत 24. दोन्हीकडे आहेत असे 12. एकूण वेगवेगळे खून झाले 18 अधिक 24 वजा 12, म्हणजे 30. साधा माणूस इथं थांबेल. पण कोर्टाच्या 18 पैकी वर्तमानपत्राला 12 सापडले, याचा अर्थ वर्तमानपत्राचं जाळं तीन खुनांपैकी दोनच पकडतं. मग त्याच्याकडचे 24 हेही एकूण खुनांचे दोन तृतीयांशच असणार, म्हणून एकूण 36. म्हणजे सहा खून असे, की जे ना कोर्टात आले ना छापून आले. त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही आणि तरी ते आपण मोजले! 40 हजार वस्तीला हिशोब केला तर दर वर्षी लाखामागे साडेसात नव्हे, नऊ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन तीनदा करून पाहिलं होतं.

जन्म-मृत्यूंच्या वह्यांसाठी ही रीत नीट बसवली ती 1949 मध्ये सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी, आणि त्यासाठी आकडे घेतले होते कोलकात्याजवळच्या सिंगूरचे. (ताऱ्यांवाले चंद्रशेखर वेगळे. हे संख्याशास्त्रज्ञ, पुढे मुंबईतल्या लोकसंख्या-अभ्यास संस्थेचे संचालक झाले.) आजही आपल्या नमुना नोंदणी पद्धतीत निवडलेल्या गावात एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो आणि दुसरा दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरोघरी विचारतो. मग दोन याद्या ताडून पाहतात. महाराष्ट्राचा मृत्युदर म्हणून जो आकडा आपण वाचतो, तो या घरचा. हीच रीत समाजशास्त्रज्ञ डग्लस एकबर्ग यांनी 2001 साली दक्षिण कॅरोलायनातल्या यादवी युद्धोत्तर काळातल्या खुनांना लावली.

पण एक अट आहे. दोन्ही जाळी एकमेकांपासून स्वतंत्र हवीत, आणि प्रत्येक मासा सापडण्याची शक्यता सारखी हवी. एजफिल्डसारख्या ठिकाणी दोन्ही अटी मोडतात. थोडं नेटानं वाचा, कारण गंमत इथंच आहे. समजा, दोन गट आहेत. पहिल्यात खरे खून 25, आणि प्रत्येक वही त्यांतले 80 टक्के टिपते: 20, 20, दोन्हीकडे 16. वीस गुणिले वीस भागिले सोळा, उत्तर 25. बरोबर. दुसऱ्यात खरे खून 50, पण वह्या त्यांतले 20 टक्केच टिपतात: 10, 10, दोन्हीकडे 2. दहा गुणिले दहा भागिले दोन, उत्तर 50. हेही बरोबर. आता गट न पाहता सगळे एकत्र करा: 30, 30, दोन्हीकडे 18. नऊशे भागिले अठरा, म्हणजे 50. खरा आकडा 75! एक तृतीयांश खून गणितानंच गिळले. म्हणून चंद्रशेखरन-डेमिंग यांचा आग्रह होता की आधी गट पाडा, प्रत्येकाचा हिशोब वेगळा करा आणि मग बेरीज करा. दक्षिण कॅरोलायनात दुसरा गट कोणाचा असणार हे सांगायला नको. काळा माणूस मेला तर कोर्टाला घाई नसे आणि गोऱ्यांच्या वर्तमानपत्राला रस नसे.

गट पाडूनही एक भोक राहतंच. जे मृत्यू कोणत्याच वहीत येण्याची शक्यता नाही, त्यांना हे गणित कधीच पकडू शकत नाही. झुंडीनं मारलेल्यांच्या पंचनाम्यात ‘अज्ञात इसमांकडून’ हा साचा ठरलेला असे, पण त्यासाठी निदान पंचनामा तरी व्हावा लागे. 8 जुलै 1876 रोजी एजफिल्डच्या शेजारी हॅम्बर्ग या गावात गोऱ्यांच्या जमावानं काळ्या सैनिकी तुकडीवर हल्ला केला. किमान सहा काळी माणसं मेली, त्यांतली बहुतेक पकडल्यानंतर मारलेली. त्या प्रकरणात आरोपींची नावं कागदावर आली, कारण गावातले न्यायाधिकारी प्रिन्स रिव्हर्स हे स्वतः एके काळी गुलाम होते. शिक्षा कोणालाच झाली नाही. पुढच्या वर्षी राज्याची सत्ता पुन्हा गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हाती गेली. त्यानंतरच्या वह्यांत खून कमी दिसले, तर आपण काय समजायचं? त्यामुळे आजही अमुक जिल्ह्यात गुन्हे इतक्या टक्क्यांनी घटले अशी ठळक बातमी दिसली की मी आधी वही कोणाच्या हातात होती ते शोधतो.

आणि 1865 च्या आधी, म्हणजे गुलामगिरी संपण्यापूर्वी, तर याद्या ताडायलाही जागा नाही. ताडायला नाव लागतं. मृत्यूच्या तक्त्यात गुलामांचं बऱ्याचदा नुसतं पहिलं नाव असतं, कधी तेही नाही, फक्त मालकाचं. उरतं काय? वय, महिना, कारण.

त्याच तीन रकान्यांतून एक गोष्ट उलगडली. 1850 आणि 1860 च्या दक्षिणेतल्या तक्त्यांत तान्ह्या बाळांपुढे ‘गुदमरून’ किंवा ‘अंगाखाली येऊन’ असं कारण वारंवार दिसतं, आणि त्यांतली बहुसंख्य बाळं गुलाम आयांची. मालकांचं म्हणणं, आया निष्काळजी. पुढे काहींनी असंही सुचवलं की बाळाला गुलामीतून सोडवायला आयांनीच मुद्दाम मारलं असेल. 1975 मध्ये टॉड सॅव्हिट आणि 1981 मध्ये मायकेल जॉन्सन या इतिहासकारांनी वयं आणि महिने मांडून पाहिले. झोपेत आईच्या अंगाखाली बाळ चिरडत असेल तर सगळ्यात जास्त धोका नवजात, सगळ्यात नाजूक बाळांना हवा. पण पहिल्या काही आठवड्यांत हे मृत्यू कमी, मग पुढच्या दोन-तीन महिन्यांत वाढलेले आणि सहा महिन्यांनंतर जवळजवळ संपलेले. शिवाय थंडीत जास्त. हा आलेख आजच्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला दाखवा, तो ओळखेल: अर्भकांचा झोपेतला आकस्मिक मृत्यू. बाळंतपणाच्या तोंडावरही आईकडून करून घेतलेलं कापसाच्या शेतातलं कष्टाचं काम आणि त्यातून आलेली अशक्त बाळं, हा धागा जॉन्सन यांनी त्याला जोडला.

मूळ तक्त्यात अर्थातच काही बदललेलं नाही. वय, तीन महिने. महिना, जानेवारी. कारण, गुदमरून.